ऑर्डर जूनची, जॉइन ऑगस्टला, मग प्रमोशन कधीचं?

३१ मे हा सरकारी ऑफिसातला सगळ्यात गर्दीचा दिवस. जुन्या काळी शाळेत घालताना ज्यांची जन्मतारीख घरच्यांनाच नक्की माहीत नव्हती त्या सगळ्यांना गुरुजींनी १ जून लावून टाकली, आणि नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस ५८ पूर्ण होताना आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ३१ मेला एकाच हॉलमध्ये चार-चार जणांचे निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, वेफर्सच्या प्लेटी, आणि मागच्या रांगेत ज्येष्ठता यादीतले पुढचे लोक मनातल्या मनात हिशोब करत बसलेले की कोण गेलं, किती जागा झाल्या, आपला नंबर कितवा.

मी नाशिकमधल्या एका सरकारी ऑफिसात आस्थापनेच्या, म्हणजे नेमणुका-बढत्यांच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे हा हिशोब १ जूनला माझ्यासमोरच येऊन बसतो. यंदा आलेले भाऊसाहेब तर अगदी तयारीनिशी आले होते, झेरॉक्सची फाइल काखेत.

"ताई, खुर्ची ३१ मेलाच रिकामी झाली ना? यादीत पहिला मीच ना? मग ऑर्डर कधीही निघो, माझं प्रमोशन १ जूनपासूनच धरायला पाहिजे."

ऐकायला इतकं बरोबर वाटतं की नवीन माणूस मान डोलावून मोकळा होईल. पण कायदा असा चालत नाही आणि नेमका का चालत नाही हे ऑफिसात फार कमी लोकांना माहीत असतं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयांच्या पीडीएफ मात्र सगळ्यांकडे असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आपल्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ आहेत, त्यातला नियम ३२ नेमका याच प्रश्नावर आहे, पदोन्नतीचा दिनांक कसा ठरवायचा. नियम छोटासाच आहे आणि त्याचे दोन तुकडे आहेत. खालच्या पदावरून वरच्या पदावर गेलात पण काम तेच राहिलं, तर वेगळा आदेश नसेल तर पदोन्नती जागा रिकामी झाल्या दिवसापासून. पण वरच्या पदाची जबाबदारी वाढीव असेल, तर वाढीव पगार त्या पदाचं काम हातात घेतल्या दिवसापासूनच. झालं. भाऊसाहेबांच्या झेरॉक्समध्ये पहिला तुकडा पिवळ्या हायलायटरने रंगवलेला होता, दुसऱ्याला हात लावलेला नव्हता. आता अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार झाला तर काम तेच राहतं का? तलाठी मंडळ अधिकारी झाला तर? काम, सही, जबाबदारी सगळं बदलतं. आजच्या बहुतेक प्रमोशनमध्ये बदलतंच. म्हणजे पहिला तुकडा पुस्तकात आहे, पण आपल्या कामाला येणारा दुसरा.

बरं हे फक्त महाराष्ट्राचं म्हणणं नाही. १९८९ साली सुप्रीम कोर्टात के. के. वडेरा केस गाजली होती, केंद्राच्या संरक्षण संशोधनातल्या शास्त्रज्ञांची. त्यात कोर्टाने सरळ म्हटलं की जागा रिकामी झाली किंवा नवीन पद तयार झालं म्हणून त्या तारखेपासून बढती लागू होते असा कुठला कायदा आम्हाला माहीत नाही, बढती ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून. तेव्हापासून आजपर्यंत हीच ओळ फिरून फिरून येते, २०२४ च्या जुलैमध्ये बिहार वीज मंडळाच्या केसमध्ये पण तेच. आपला हक्क आहे तो विचार होण्याचा, म्हणजे तुम्ही पात्र असाल तर समितीसमोर तुमचं नाव गेलंच पाहिजे, राज्यघटनेच्या कलम १६ मधून येतो हा हक्क आणि तो मूलभूत आहे. पण प्रमोशन मिळण्याचाच हक्क, आणि तेही अमुक तारखेपासून, असा नाही. हे पचायला जड जातं हे मान्य.

आता गंमत अशी की प्रमोशनला एकच तारीख नसतेच. जागा रिकामी झाल्याची एक, डीपीसी म्हणजे विभागीय पदोन्नती समितीच्या मीटिंगची एक, इतिवृत्त मंजूर झाल्याची एक, ऑर्डरवरची एक, जुन्या ऑफिसने सोडल्याची एक, नवीन ठिकाणी रुजू झाल्याची एक आणि नशीब असलं किंवा नशीब फुटकं असलं तर मानीव दिनांकाची, म्हणजे मागून धरून दिलेल्या तारखेची एक. भांडण होतं ते प्रत्येकजण आपल्याला सोयीची तारीख उचलतो म्हणून. पगाराला रुजू झाल्याची तारीख लागते, ज्येष्ठतेला वेगळी लागू शकते, पुढच्या प्रमोशनच्या पात्रतेची वर्षं मोजायला परत तिसरी. त्यामुळे कोणी विचारलं की माझं प्रमोशन कधीपासून, तर मी आधी विचारते की कशासाठी पाहिजे?

पगारापासून घेऊ, कारण सगळ्यांना आधी तेच पाहिजे असतं.

ऑर्डर निघाली म्हणजे प्रमोशन झालं असं आपण पेढे वाटताना समजतो, पण वाढीव पगार सुरू होतो तो पदभार घेतल्यावर. आणि इथेच नाशिकला सध्या सगळ्यात जास्त माणसं अडकतात, कारण ऑर्डर हातात असते पण जुनं ऑफिस रिलिव्ह करत नाही. तुमच्या जागी माणूस आला की सोडतो, एवढी वसुली होऊ द्या, एवढं ऑडिट होऊ द्या, निवडणुकीचं काम आहे, आणि आता तर काय, सिंहस्थ २०२६-२७ आहे, म्हणजे कोणालाही थांबवायला ब्रह्मास्त्रच मिळालंय. साहेबांचीही अडचण खरी असते, माणसंच नाहीत. पण जितके आठवडे तुम्ही जुन्या टेबलावर थांबता तितके आठवडे पगार जुन्या पदाचाच. ऑर्डर जूनची असली तरी ऑगस्टात जॉइन झालात तर मधल्या महिन्यांचा फरक मागता येत नाही, कारण त्या काळात तुम्ही वरच्या पदाचं काम केलेलंच नाही. जुनं ऑफिस सोडून नवीन ठिकाणी पोचेपर्यंतचा जो पदग्रहण अवधी असतो, इथून नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याला किंवा धडगावला जायचं असेल तर लागतोच, त्या दिवसांचाही पगार जुन्या पदाचा.

त्यात अजून एक बारीक चावी आहे. रुजू अहवालावर तारखेपुढे म.पू. किंवा म.नं. लिहायचं असतं, मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर. सकाळी कार्यभार घेतला तर तो दिवस नवीन पदात धरतात, दुपारनंतर घेतला तर दुसऱ्या दिवसापासून. लोक एसटीने जातात, गाडी उशिरा पोचते, साहेब मीटिंगला गेलेले असतात, दुपारी चारला चार्ज होतो आणि क्लार्क सवयीने म.पू. छापून टाकतो किंवा उलट. एका दिवसाचा पगार गेला तर गेला म्हणून सोडून देण्यासारखं वाटतं, पण तो दिवस १ जानेवारी किंवा १ जुलै असला ना, तर त्या दोन अक्षरांवर अख्खी वेतनवाढ सहा महिने पुढे-मागे होते. सातव्या वेतन आयोगात वेतनवाढीच्या दोनच तारखा आहेत, १ जानेवारी आणि १ जुलै, आणि मध्ये सहा महिन्यांची सेवा लागते. २ जानेवारी ते १ जुलैमध्ये प्रमोशन झालं तर पुढची वेतनवाढ १ जानेवारीला, २ जुलै ते १ जानेवारीमध्ये झालं तर १ जुलैला. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाबांनो, रुजू अहवालाची झेरॉक्स तिथल्या तिथे वाचा, मग बाहेर पडा.

विकल्पाचं पण इथेच सांगते. समजा तुम्ही एस-६ या वेतनस्तरात आहात, बेसिक २७,६०० आणि जूनच्या २० तारखेला एस-८ मध्ये प्रमोशन झालं. लगेच वेतननिश्चिती केली तर खालच्या स्तरात एक वेतनवाढ धरून २८,४०० आणि एस-८ मध्ये तो आकडा नाही म्हणून पुढचा, २८,७००. पण तुमची वेतनवाढ १ जुलैला ड्यू असेल आणि तुम्ही विकल्प दिला की माझी निश्चिती वेतनवाढीच्या दिवसापासून करा, तर १ जुलैला आधी नेहमीची वेतनवाढ २८,४००, मग प्रमोशनची २९,३०० आणि एस-८ मधला पुढचा टप्पा २९,६००. मधले अकरा दिवस थोडा कमी पगार, पुढे रिटायर होईपर्यंत एक पायरी वर. हा विकल्प प्रमोशनपासून महिन्याभरात लेखी द्यायचा असतो. लोक हा महिना सत्कार घेण्यात आणि भाड्याने खोली बघण्यात घालवतात, मग जागा रिकामी झाल्याच्या तारखेसाठी भांडत बसतात, जी मिळणारच नाही. आमच्या भाऊसाहेबांना मी तेच म्हटलं, की १ जून विसरा आणि हा फॉर्म हातात ठेवा. ते म्हणाले तत्त्वाचा प्रश्न आहे. मी म्हटलं तत्त्व ठेवा, पण फॉर्म पण भरा.

आणि ज्यांनी कालबद्ध पदोन्नती घेतलीये त्यांचा तर हिशोबच निराळा. १०, २० आणि ३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना, जागा नाही म्हणून प्रमोशन नाही पण पगार वरच्या पदाचा. हा लाभ आधीच मिळाला असेल आणि नंतर त्याच वेतनस्तराच्या पदावर खरं प्रमोशन झालं तर परत वेतननिश्चितीचा फायदा नाही. म्हणजे पैशासाठी प्रमोशनची तारीख त्यांच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक, तरी भांडण मात्र तितक्याच जोरात चालू असतं, कारण खरा प्रश्न असतो ज्येष्ठतेचा. यादीत कोण वर कोण खाली. पगाराचा फरक माणूस एकवेळ विसरतो पण कालपर्यंत जो "साहेब" म्हणायचा त्याला आज आपण साहेब म्हणायचं हे विसरत नाही.

ज्येष्ठतेचं साधं सूत्र असं की नियमाप्रमाणे, नियमित नेमणूक झाल्यापासून सलग सेवा. "नियमित" या शब्दावरच सगळं अडतं. कारण आपल्याकडे किती प्रकारची अर्धी-मुर्धी प्रमोशन चालतात बघा, तदर्थ, तात्पुरती, स्थानिक व्यवस्था, अभावित, पदभार, अतिरिक्त पदभार. खुर्ची तीच, पाटी तीच, सही तीच, पण ज्येष्ठतेला शून्य. १९९० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने आपल्याच राज्याच्या वर्ग दोनच्या थेट भरतीच्या इंजिनिअरांच्या केसमध्ये हे नीट मांडलंय. नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून, कायम कधी केलं याला महत्त्व नाही. पण नेमणूकच तदर्थ, नियम बाजूला ठेवून, निव्वळ तात्पुरती सोय म्हणून असेल तर तो काळ धरायचा नाही. आणि सुरुवातीला कार्यपद्धती पुरती पाळली नव्हती पण माणूस नियमित होईपर्यंत अखंड त्या पदावर राहिला, तर तो काळ धरायचा. तिसरी गोष्ट ऐकली की सगळे तदर्थवाले खूश होतात, पण "अखंड" बघा. मध्ये एक दिवसाचा खंड टाकून परत ऑर्डर काढायची पद्धत उगीच नाही आलेली.

पदभाराचं तर अजून स्पष्ट आहे. १९९१ साली गोव्याच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की खालच्या पदावरच्या माणसाला वरच्या पदाचं काम बघायला सांगितलं म्हणजे त्याला बढती दिली असं होत नाही. अतिरिक्त कार्यभाराचा नियमात बसेल तो भत्ता मिळेल, तारीख मिळणार नाही. मी असे लोक बघितलेत ज्यांनी वर्षानुवर्षं प्रभारी म्हणून गाडा ओढला, सगळे त्यांना त्याच पदाने हाक मारतात, आणि सेवापुस्तकात त्या काळाची एक ओळ पण नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. फुकटात साहेब वापरून घ्यायचा हा प्रकार आहे.

२०१७ नंतरच्या ऑर्डरींवर अजून एक वाक्य सगळीकडे छापलेलं असतं, विशेष अनुमती याचिका क्रमांक २८३०६/२०१७ मधल्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून. ४ ऑगस्ट २०१७ ला मुंबई हायकोर्टाने पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४ चा जीआर रद्द केला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, त्यातून ते वाक्य आलं. त्या विषयाच्या बऱ्यावाईटात मी इथे जात नाही, तो फार मोठा आहे आणि लोकांच्या आयुष्याचा आहे. फक्त एवढंच की ते वाक्य आहे म्हणून तुमचं प्रमोशन तदर्थ होत नाही, आणि त्या वाक्याला घाबरून रुजू व्हायचं थांबायचं तर मुळीच कारण नाही.

आता मानीव दिनांक. याच्याइतकी गैरसमजाने भरलेली गोष्ट आस्थापनेत दुसरी नाही. लोकांना वाटतं मला उशीर झाला म्हणजे मला मानीव दिनांक मिळतो. नाही हो. उशीर सगळ्यांनाच झाला असेल तर कोणालाच मिळत नाही! यादीतले दहाच्या दहा जण दोन वर्षं लटकले, तर दहाही जणांची तारीख ऑर्डरनंतरचीच. मानीव दिनांक मिळतो तो तुम्हाला वगळून तुमच्या मागचा माणूस आधी वर गेला असेल तर, आणि त्या दिवशी तुम्ही पात्र असाल तर, म्हणजे गोपनीय अहवाल ठीक, विभागीय परीक्षा पास किंवा वयामुळे सूट, चौकशी नाही, आणि वगळण्यात तुमची चूक नाही. मग तुम्हाला त्या कनिष्ठ माणसाची तारीख मिळते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शोधायचं ते हे, की माझ्या मागचा कोण पुढे गेला. आमच्या नाशिक विभागाच्या संवर्गात हे शोधणं म्हणजे पाच जिल्ह्यांच्या ऑर्डरी बघणं, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर. आणि तो पुढे गेलेला नियमित गेलाय की स्थानिक व्यवस्थेत बसवलाय हे पण बघायचं, कारण त्याचीच तारीख कच्ची असेल तर तुम्ही तिच्यावर काय उभं करणार?

भाऊसाहेबांचं आम्ही हे सगळं काढून पाहिलं. मागचा कोणीच पुढे गेलेला नव्हता. विषय तिथेच संपला, तत्त्वाचा प्रश्न म्हणून त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं, नंतर विकल्पाचा फॉर्म भरून पोहोच घेऊन गेले.

मानीव दिनांक मिळाला तरी थकबाकी मिळतेच असं नाही. साधारण पद्धत अशी की त्या तारखेपासून ज्येष्ठता मिळते, वेतन कागदावर काल्पनिक वाढवत आणतात आणि प्रत्यक्ष पैसे वरच्या पदावर रुजू झाल्यापासून. काम केलं नाही तर दाम नाही. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त पटते. १९९१ च्या जानकीरामन केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की माणूस काम करायला तयार होता आणि त्याची काही चूक नसताना तुम्हीच त्याला कामापासून लांब ठेवलं, तर हा काम नाही-दाम नाहीचा नियम त्याला सरसकट लावता येणार नाही. ती केस मोहोरबंद पाकिटाची. चौकशी चालू असलेल्याचा निष्कर्ष समिती पाकिटात बंद करून ठेवते, निर्दोष सुटला की पाकीट उघडायचं आणि कनिष्ठाच्या तारखेपासून बढती द्यायची. कोर्टाने हे पण सांगितलं की नुसती कुजबुज आहे, प्राथमिक चौकशी आहे म्हणून पाकीट बंद करायचं नाही, दोषारोपपत्र बजावलं पाहिजे. हे वाक्य प्रत्येक आस्थापनेच्या भिंतीवर लावायला हवं, कारण अजूनही "त्याच्याबद्दल तक्रार आहे" एवढ्यावर नावं बाजूला पडतात. मग २००७ मध्ये केरळच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की थकबाकीचा एकच ठोक नियम नाही, प्रत्येक प्रकरण बघून ठरवा. वकिलांना आवडेल असं उत्तर आहे, पण खरं आहे.

सगळ्यात क्रूर केस मला विचाराल तर पश्चिम बंगालची, २७ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. फॉरेन्सिक विभागातले शास्त्रज्ञ. लोकसेवा आयोगाने बढतीची शिफारस केली २९ डिसेंबर २०१६ ला. ते रिटायर झाले ३१ डिसेंबरला. अंतिम मंजुरी आली ४ जानेवारी २०१७ ला. खालच्या न्यायाधिकरणाने आणि हायकोर्टाने काल्पनिक का होईना लाभ द्या म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. कारण तेच, पदभार घेतलाच नाही, निवृत्तीनंतर घेऊ शकत नाही, मग मागच्या तारखेने बढती नाही. कायदा म्हणून निकाल बरोबर असेल, आधीच्या सगळ्या निकालांशी जुळतो पण. तरी चार दिवस हो. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर राहिलेला कागद त्या माणसाला जन्मभर पुरणार.

आणि म्हणून माझा राग कोर्टावर नाही, कॅलेंडरवर आहे. आपल्याकडे निवडसूचीचं, म्हणजे बढतीसाठी निवडलेल्यांच्या यादीचं वर्ष ठरलेलंय, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. ज्येष्ठता यादी दर १ जानेवारीची निघायला पाहिजे. डीपीसीची कार्यपद्धती १ ऑगस्ट २०१९ च्या जीआरमध्ये एकत्र करून दिलीये. कोण कधी रिटायर होणार हे तर माणूस नोकरीला लागला त्याच दिवशी माहीत असतं, ३१ मे काही अचानक येत नाही! तरी जूनमध्ये सुरू झालेली माहिती गोळा करणं दिवाळीपर्यंत चालतं, कोणाचा गोपनीय अहवाल सापडत नाही, कोणाचं मत्ता-दायित्व म्हणजे संपत्ती-कर्जाचं विवरण भरलेलं नाही, बिंदूनामावली म्हणजे आरक्षणाची नोंदवही तपासून यायचीये, यादीवर हरकती आल्यात. कायद्याने उशिराची सगळी किंमत कर्मचाऱ्यावर टाकलीये, उशीर करणाऱ्याला काहीच लागत नाही, मग उशीर कमी का व्हावा? माझं मत असं की निवडसूची वेळेत झाली नाही तर निदान काल्पनिक तारीख तरी सगळ्या यादीला आपोआप मिळायला हवी, पैसे नका देऊ. आज तसा नियम नाही.

उलट टोकाचं पण सांगते, तारीख चुकून आधीची लागली म्हणून आनंदून जाऊ नका. रिटायरमेंटच्या आधी सेवापुस्तक वेतन पडताळणीला जातं, तिथे एकेक वेतननिश्चिती ऑर्डरशी आणि रुजू अहवालाशी ताडून बघतात, आणि दहा वर्षांपूर्वीची चूक निघाली की अतिप्रदान म्हणजे जादा दिलेला पगार, त्याची वसुली, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी अडकली. २०१४ च्या रफिक मसीह निकालाने गट क आणि ड वाल्यांकडून किंवा रिटायर होऊन गेलेल्यांकडून आणि वर्षाच्या आत होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही म्हटलंय, त्याने बरेच वाचलेत. पण पगार मात्र खाली आणून पेन्शन त्यावरच काढतात, ते कोणी थांबवू शकत नाही.

शेवटी मॅट. नाशिकवाल्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुंबईचं पीठ, म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची. वकील, तारखा, खर्च हे सगळं आहेच, पण त्याआधी मुदत. कारवाईच्या आदेशापासून एक वर्ष. निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. लोक काय करतात, दर सहा महिन्याला नवीन स्मरणपत्र देतात आणि समजतात की मुदत परत सुरू झाली. नाही होत, जुन्या मेलेल्या दाव्यावर नवीन अर्ज टाकून मुदत वाढत नाही हे पण सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. आणि तोपर्यंत यादीतले पंचवीस लोक पुढच्या पदावर स्थिरावलेले असतात, त्या सगळ्यांना प्रतिवादी करावं लागतं, त्यातला एखादा तुमचाच वरिष्ठ होऊन बसलेला असतो. तेव्हा १ जानेवारीची तात्पुरती ज्येष्ठता यादी आली की तीच वाचा, हरकतीची मुदत त्यावरच छापलेली असते, आणि हरकत दिली की आवक नंबर टाकलेली पोहोच मागून घ्या. आवकवाला म्हणेल ठेवा इथे, करतो नंतर. तिथेच उभं राहायचं.